बसणारी गाडी

माझी उंची जेमतेम पाच फूट, आणि ती कमी आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल असतं. पण तीनशे किलोहून जड मोटरसायकल सिग्नलला थांबवायची, तर स्टूल कुठून आणणार?

गाडी आमच्या ह्यांची. लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागे टेकायला गादी, असा सगळा थाट. हंपी, गोकर्ण, रामेश्वर आम्ही तिच्यावरच पाहिलं. हे पुढे, मी मागे. मग ह्यांना काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची मनाई केली, आणि ती योग्यच होती, कारण आमच्या हैदराबादेत ऑटो नेहमी बाजूनेच येतो.

महिनाभर ह्यांनी गाडीवरचं कापडसुद्धा काढलं नाही. मग एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "एक गिऱ्हाईक आहे. दिवाळीनंतर येतो म्हणालाय. नुसती धूळ खायली बिचारी."

"मी चालवते. तुम्ही मागे बसा," मी म्हणाले.

हे हसले. माझ्यावर हसलेलं मला खपत नाही, हे इतक्या वर्षांत त्यांना कळायला हवं होतं. घरातला मिक्सर, पंखे, शिलाई मशीन मीच उघडते आणि मीच बंद करते. लायसन्स माझ्याकडे आहे. गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता, ती पळायला लागली की लोण्यासारखी जाते. घोळ होता तो थांबण्याचा. थांबले की एका पायाचा फक्त चवडा टेकायचा. एकदा आमच्या अंबरपेठेतल्या गल्लीतच गाडी आडवी झाली आणि शेजाऱ्यांनी मिळून ती उचलली. मला काही लागलं नाही, पण लाज फार वाटली. तेव्हा हे म्हणाले, "दोन्ही पाय टेकव, मग बोल. नाहीतर गाडी जाणार."

ठीक आहे, म्हटलं. दिवाळीपर्यंत वेळ होता.

सीटचा फोम कापून पाहिला, तरी टाचा अधांतरीच. गाडी कायमची खाली घ्यावी, तर आमच्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर तिचं पोट खरवडून काढणार. म्हणजे पळताना गाडी उंच हवी आणि थांबताना बुटकी हवी. हे काम हवा करते. मागच्या दोन स्प्रिंगा काढायच्या, त्या जागी हवेच्या रबरी पिशव्यांचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बसवायचे, सीटखाली छोटा कॉम्प्रेसर आणि हँडलवर एक बटण. बटण वर केलं की हवा भरते, गाडी मागून उठते. खाली केलं की हवा सुटते आणि गाडी बसते.

बाहेरदेशातून मागवलेल्या खोक्यात सगळं आलं, फक्त आमच्या गाडीच्या मापाचं नव्हतं. खालच्या पट्टीची भोकं जुळेनात. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी माप घेतलं आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यातून जाड पोलादाच्या नव्या पट्ट्या करून आणल्या. हवेची जास्तीची नळी अफझलगंजमध्ये मिळाली. गाडी जॅकवर चढवली. मागचा एक बोल्ट इतका धरून बसला होता, की शेवटी मी पान्यावर उभी राहिले. उंची कामाला आली नाही, वजन आलं. तारा ओढल्या, फ्यूज घातला, नळी सायलेन्सरपासून लांब बांधली. हे मधूनमधून दारात येऊन "काय करायलीस?" एवढं विचारून आत जायचे.

शेवटी एका सकाळी मी गाडीवर बसले आणि बटण दाबलं. खर्रर्र करत गाडी वर उठली. उलटं दाबलं, फुस्स, आणि ती माझ्यासकट खाली बसली. चवडे नाही, टाचा! दोन्ही टाचा फरशीवर! मी एकटीच मोठ्याने ओरडले. मला माझा इतका अभिमान वाटला, की कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं. हे बाहेर आले, बघून "बरं आहे" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर गाडी बाजूच्या स्टँडवर शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी. हवा गळून मागचा भाग खाली आला होता, स्टँड तिला लांब पडला होता आणि टेकण्यापुरता कलच उरला नव्हता. एखादं मांजर घासून गेलं असतं तरी ती पलीकडे कोसळली असती.

"पाहिलंस? कशाला परेशान होतीस," हे म्हणाले. "त्याला फोन करतो, लवकरच येऊन घेऊन जा म्हणून."

मी रिठ्याचा फेस करून ब्रशने दिसेल त्या सांध्याला लावला, कुठे बुडबुडा दिसतो का पाहत बसले. एकही नाही. दुपारपर्यंत हातांची कोपरं सोलली आणि मी पाना जमिनीवर आपटला. त्या आवाजाने हे आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण ते चाकाशी मांडी घालून बसले.

"हवा भर," म्हणाले. "आता जरा चूप बैस."

डोळे मिटून ते पुढून मागे कान नेत गेले आणि बॅटरीच्या मागे थांबले. "हितं."

तिथे माझा ब्रश पोहोचलाच नव्हता. नळी बाहेर ओढली तर तिचं टोक तिरकं कापलेलं. कात्री सापडेना म्हणून ती मी विळीवर कापली होती, भेंडीसारखी. हे बघून ते इतके हसले की मलाही हसू आलं. ब्लेडने टोक सरळ कापलं. त्यानंतर आठवडाभर गाडी रोज सकाळी तिच्या उंचीवर, नीट कलून उभी.

आता एकच राहिलं होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. हे बसणार का? गल्लीसमोर, बायकोच्या मागे? हेल्मेट हातात घेऊन ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग चढले.

"कुठं धरू?"

"मी धरत होते तिथंच."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. निघालो. चौकात सिग्नल लाल झाला. मी वेग कमी केला, बटण दाबलं, फुस्स, आणि आम्ही दोघं हळूच खाली आलो. माझे दोन्ही पाय रस्त्यावर सपाट. शेजारच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढली.

"चचा, गाडी बैठ गई! हवा निकल गई क्या?"

"निकली नहीं मियाँ, निकाले," हे मागून म्हणाले. "घरवाली बनाई हमारी. खुद."

हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सिग्नल सुटला, मी गाडी वर उचलली. पुढच्या सिग्नलला पुन्हा बसवली, तोवर ह्यांनी खिशातून फोन काढला होता. हेल्मेटची काच वर करून ते त्या गिऱ्हाईकाशी बोलत होते.

"नाही हो, जमणार नाही," ते म्हणाले. "गाडी द्यायची नाही. मालकीणबाई तयार नाहीत."