आठ इंची जबड्याचा व्हाइस

जयवंत चौकेकर तरुणपणी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात चिकटले, ते शहाण्णव साली स्वेच्छानिवृत्ती घेऊनच तिथून सुटले. मधल्या काळात त्यांनी कारखान्यासाठी कानशी, करवती, हातोडे, बेंच व्हाइस असं इतकं सामान विकत घेतलं की त्यात एक छोटं गाव वसलं असतं. चालवलं मात्र त्यातलं एकही हत्यार नाही. त्यांच्या टेबलामागच्या काचेतून खालचं वर्कशॉप दिसायचं. व्हाइसच्या जबड्यात लोखंडाचा तुकडा आवळून त्यावर लयीत कानस मारणाऱ्या फिटर लोकांकडे चौकेकर चहा गार होईपर्यंत बघत राहायचे. हात काळे होतील असं काम नको, म्हणून वडिलांनी त्यांना कॉमर्सला घातलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली तरी चौकेकरांचे हात गोरेच राहिले.

निरोपसमारंभात त्यांनी जाहीर करून टाकलं, आता आचोळ्याच्या घरी मागच्या बाल्कनीत स्वतःचं वर्कशॉप काढणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीराबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. बाल्कनीत त्यांची कपडे वाळत घालायची दोरी होती, ती कुठे न्यायची याचा विचार त्यांनी तिथेच सुरू केला.

वर्कशॉपची इभ्रत व्हाइसवर ठरते, असं चौकेकरांचं मत होतं. व्हाइस डुगडुगला की काम वाकडं झालंच म्हणून समजा. तेव्हा सुरुवात व्हाइसपासून करायची, आणि तो असा घ्यायचा की पुन्हा घ्यावा लागू नये. मग सुरू झाली ती शोधमोहीम. नालासोपारा स्टेशनजवळच्या अल्पेशभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात ते दर आठवड्याला जायचे. काउंटरवर काढलेल्या व्हाइसचा निळा रंग नखानं खरवडून बघायचे, नाण्यानं टकटक करून आवाज ऐकायचे, दांडा फिरवून आटे तपासायचे. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, पोलादात दाखवा म्हणायचे. पोलादाचा दाखवला की त्याचा जबडा लहान वाटायचा. शेवटी अल्पेशभाई त्यांना बघितल्याबरोबर चहा सांगू लागले, कारण विकायचं असं दुकानात काही उरलं नव्हतं.

इकडे घरातल्या वस्तू एकेक करून मान टाकत होत्या. न्हाणीघराच्या दाराची कडी तुटली, मिक्सरचा पाय निखळला, स्वयंपाकघरातलं स्टूल लंगडं झालं. मिस्त्री बोलवायची सोय नव्हती. घरात वर्कशॉप होत असताना दोन पैशाच्या कामाला बाहेरचा माणूस आणायचा म्हणजे काय, असं चौकेकर विचारायचे. मीराबाई वसईच्या एका सहकारी बँकेत नोकरीला होत्या. संध्याकाळी दमून यायच्या आणि न्हाणीघरात गेल्या की आतून गाणं म्हणायच्या, आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून. त्यांची मुलगी सुरुची तेवढं सुद्धा करायची नाही. ती दाराला बादली लावायची.

आगाशीला ॲन्सेल्म राहायचे. चौकेकरांच्याच कारखान्यात ते टूलरूमला होते आणि आता घरची केळीची वाडी बघत. चौकेकर त्यांचा सल्ला घ्यायला गेले आणि तिथेच घात झाला. ॲन्सेल्म म्हणाले, नवीन माल म्हणजे रंग लावलेली माती, घ्यायचं तर जुनं विलायती लोखंड घ्या. त्यांनी स्वतः जन्मात कधी व्हाइस विकत घेतला नव्हता, पण सल्ल्याला ते लागत नाही. ओटीवर बसून दोघं दुपारभर जुन्या लोखंडाविषयी बोलले. जेवण झालं, आणि चौकेकर मोठ्या समाधानानं हात हलवत घरी आले.

पुढच्या वर्षी गोखिवऱ्यात एक छोटा कारखाना बंद पडला आणि त्याचं सामान भंगारात निघालं. तिथल्या कोपऱ्यात, गंजलेल्या पाइपांच्या ढिगाखाली, चौकेकरांना तो दिसला. आठ इंची जबडा, पाठीला चांगली रुंद ऐरण, आणि मनगटाएवढा स्क्रू. त्यांनी दांडा फिरवला. लोण्यातून फिरावा तसा फिरला. चौकेकर तिथेच पाइपांवर बसले आणि त्यांनी तो पुन्हा उलटा फिरवून बघितला.

व्हाइस टेंपोतून आला आणि चार माणसांनी तो दोन मजले चढवला. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास चुरी जिन्यात आडवे आले. हे यंत्र आहे का, इमारतीत कारखाना चालवायचा आहे का, स्लॅबला काही झालं तर जबाबदार कोण, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. चौकेकरांनी सांगितलं, हे यंत्र नव्हे, ही फक्त पकडून ठेवायची वस्तू आहे. तोवर वर चढवणाऱ्या चौघांपैकी एकजण कठड्याला धरून खाली बसला होता.

आणि मग लक्षात आलं की हा बसवायचा कशावर? त्याला साजेसं टेबल बाजारात मिळेना. एक सागवानी आणलं, ते व्हाइस ठेवल्याबरोबर कण्हलं आणि एका बाजूला बसलं. मजबूत बाक स्वतःच करायचा, तर तो करायला आधी बसवलेला व्हाइस पाहिजे. या ठिकाणी येऊन गाडी थांबली. व्हाइस हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी जमिनीवर राहिला. चौकेकर दर रविवारी त्याला तेल लावून पुसायचे. बाकीचे सहा दिवस मीराबाई त्यावर भरतकामाचा रुमाल घालून फोन ठेवायच्या. उंची फोनला अगदी बरोबर होती.

अशात सुरुचीला बघायला विरारचे परुळेकर आले. मुलगा परेश एका औषध कंपनीत होता. वडील शत्रुघ्न परुळेकर रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. पोह्यांच्या बशा फिरल्या, गावाकडच्या ओळखी निघाल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. मीराबाईंनी रिसीव्हर उचलताना रुमाल सरकला. परुळेकरांनी बशी खाली ठेवली.

मीराबाईंचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारून फोन बाजूला केला, रुमालाची घडी घातली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते गुडघ्यांवर बसले. चौकेकरही शेजारी बसले. पुढचा पाऊण तास दोन्ही बाप जमिनीवर होते. जबडे समांतर मिटतात का ते कागदाची पट्टी घालून बघितलं गेलं. ओतकाम वाखाणलं गेलं. सुरुची साडी नेसून बसली होती, तिला तिचं शिक्षणसुद्धा कोणी विचारलं नाही. परेश तेवढ्या वेळात पोह्यांच्या तीन बशा संपवून बसला.

शेवटी परुळेकर गुडघे चोळत उठले. ते खरोखरच भारावले होते. म्हणाले, "चौकेकर, जन्मभर याच्यावर काम केलं मी, पण असा व्हाइस घरी ठेवलेला माणूस बघितला नाही. काय काय बनवता यावर?"

चौकेकरांनी तोंड उघडायच्या आधी सुरुचीनंच सांगितलं, "फोन ठेवतो."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. परुळेकर हसले आणि रुमाल उलगडून त्यांनी पुन्हा व्हाइसवर घातला. पाहुणे गेल्यावर सुरुचीनं आईला नकार सांगितला. मुलगा वाईट नाही, पण एका आयुष्यात एवढं लोखंड पुरे, म्हणाली. पुढं तिनं स्वतःच्या ऑफिसातल्या जितेशशी लग्न केलं. त्याला भिंतीत खिळा ठोकता येत नव्हता आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

पाहुणे येऊन गेले त्या रात्री चौकेकर जेवले नाहीत. ताट झाकता झाकता मीराबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, वाकडं झालं तर झालं. कोण मोजायला येणारे?"

चौकेकर उठून हॉलमध्ये व्हाइसपाशी जाऊन बसले. इतके दिवस आपण व्हाइस शोधत होतो की कानस हातात घ्यायचा दिवस लांबवत होतो, हे या बाईला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे. एखादी वस्तू निवडत बसलं की ती वापरता येत नाही हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खरेदी विभागात जन्म काढलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. बाहेरचा माणूस. त्यानं बाल्कनीत विटांचा कट्टा बांधला, वर कडप्पा टाकला, बोल्ट रोवले. सिमेंट वाळेपर्यंत चौकेकर रोज पाणी मारत होते. चुरींनी येऊन पाहणी केली आणि दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही, अशी अट घातली. कपड्यांची दोरी व्हाइसच्या डोक्यावरून गेली.

पहिलं काम न्हाणीघराच्या कडीचं घेतलं. कडीच्या एवढ्याशा पट्टीला तो आठ इंची जबडा म्हणजे मुंगी पकडायला मगर. पट्टी धरली जायची, पण कानस तिच्यापर्यंत पोचायच्या आधी जबड्यालाच घासायची. तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. अंगावर ओल्या चादरीचं पाणी ठिबकत होतं. आठवड्यानं कडी बसली. दार थोडं वर उचलून धरलं की ती लागायची. मीराबाईंनी पहिल्या दिवशी आत जाऊन दार उचललं, कडी घातली आणि सवयीनं गाणं सुरू केलं.

चौकेकर बाल्कनीत परतले. त्यांनी आणखी एक पट्टी जबड्यात आवळली. थोड्या वेळानं ती काढून कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि आकाशाकडे धरून बघितली. गुण्याखालून उजेड दिसत होता, एका बाजूला जास्त; पट्टी वाकडीच घासली गेली होती. हात काळे झाले होते. त्यांनी पट्टी पुन्हा आवळली आणि कानस उचलली.