गळक्याचा सांधा

टाकीदादांना बोट चालवता येत नाही, पोहता येत नाही, आणि धक्क्यावरून बोटीत उतरताना ते अजूनही दोन्ही हातांनी दोर घट्ट धरतात. तरीही या धक्क्यावर त्यांची टाकी पोटात नसलेली बोट शोधून सापडायची नाही. बाजारात मिळणारी पाण्याची टाकी चौकोनी असते, नाहीतर गोल. बोटीचं पोट पुढे निमुळतं, खाली वळलेलं, त्यात मध्येच एखादा खांब घुसलेला. तिथे मापाची टाकी करून घ्यावी लागते, आणि मापाची टाकी म्हणजे टाकीदादा. आधी पुठ्ठ्याची टाकी करायची, ती जागेवर बसते का बघायचं, कोपरे कातरायचे, पुन्हा बसवायची. मग तिच्यावरून जाड प्लॅस्टिकच्या शीट कापायच्या आणि हीट गनने प्लॅस्टिकची काडी वितळवत एकेक सांधा भरायचा. घरात पलंगाखालीसुद्धा जुने पुठ्ठे. बायको म्हणते, मी माणसाशी लग्न केलं की रद्दीच्या दुकानाशी, तेच कळत नाही.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते उठता बसता सगळ्यांना ऐकवायचे. सांधा भरण्याआधी शीटची कड खरवडायची, पांढरी भुकटी निघेपर्यंत. न खरवडलेल्या शीटवर काडी नुसती चिकटल्यासारखी दिसते. टाकी दिवसभर पाणीही धरते. पण समुद्रात चार दणके बसले की तीच काडी उसवलेल्या दोऱ्यासारखी निघून येते. इतर कारागीर याला थंड सांधा म्हणतात. टाकीदादांच्या कारखान्यात मात्र त्याला गळक्याचा सांधा म्हणायचे. गळक्या म्हणजे टाकीदादांचा सख्खा धाकटा भाऊ.

एकोणीस वर्षांपूर्वी दोघं भाऊ एकत्र काम करायचे. बाहेरचं सगळं थोरल्याकडे, आतले आणि तळाचे सांधे धाकट्याकडे, कारण त्याचे हात लांब आणि बारीक होते. वरचं झाकण लावायच्या आधी तो कमरेपर्यंत टाकीत वाकायचा आणि शीळ घालत काम करायचा. त्या वर्षी एका म्हाताऱ्या मालकाच्या बोटीला त्यांनी टाकी करून दिली. मालक, त्याची बायको आणि मुलगी फिरायला निघाले. तिसऱ्या दिवशी भर समुद्रात इंजिन बंद पडलं आणि चौथ्या दिवशी नळातून थेंब येईना. सगळं पाणी तळाच्या कोपऱ्यातून गळून खालच्या तेलकट घाणीत गेलं होतं. दुसरी बोट दिसेपर्यंत दीड दिवस गेला. मालकाची बायको वाचली, पण किडनीचं दुखणं घेऊन.

मालक परत आला तो फुटलेल्या ओठांनी धक्क्यावर ओरडतच. निम्मा धक्का गोळा झाला. टाकीदादांनी सगळ्यांसमोर धाकट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तळ याने भरलाय. माझा त्याला हातही लागलेला नाही."

धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, आठव जरा."

"काय आठवू? तुझी बेपर्वाई?"

त्या संध्याकाळपासून धक्क्याने त्याचं नाव गळक्या ठेवलं. आठवड्याभरात तो काम सोडून गेला आणि दोन बसथांबे पलीकडे त्याने चाव्या करायची टपरी टाकली. भावाभावांचं बोलणं संपलं. जावाजावांचं चालू राहिलं, म्हणून कुणाचं काय चाललंय एवढं कळायचं. बोटीतली टाकी मात्र निघाली नाही. तिच्यावर झोपायची फळी पक्की ठोकलेली, ती फोडायची कोण? मालकाने नळ दुसऱ्या छोट्या टाकीला जोडून घेतला आणि ही तशीच कोरडी पडून राहिली.

मालक गेला. परवा त्याची मुलगी, आता चाळिशीची बाई, कारखान्यात आली. बोट नव्याने करून घ्यायची होती.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, टाकी करून घ्यायची तर टाकीदादांकडूनच," ती म्हणाली. "गळकी निघाली ती त्यांच्या भावामुळे, आणि तसं तोंडावर सांगायला ते कचरले नाहीत."

टाकीदादांनी नम्रपणे मान हलवली. खोटं कशाला बोला, त्यांना ते ऐकून बरंच वाटलं.

सुताराने फळी उखडली, टाकी करवतीने आडवी कापली आणि खालचा अर्धा भाग कारखान्यात आणून टाकला. टाकीदादांनी तो धुतला, पुसला, टेबलावर उन्हाकडे तोंड करून ठेवला आणि बाईंना जवळ बोलावलं. एखाद्या मास्तरच्या थाटात त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. हा गळक्याचा सांधा."

त्यांनी काडीखाली नख घातलं. काडी वीतभर सरळ निघून आली. खाली पेन्सिलीची रेघ होती, काल मारल्यासारखी काळी. शीट खरवडलीच नव्हती.

"बघितलंत?" टाकीदादा म्हणाले आणि ती काडी त्यांनी उन्हात धरली.

आणि ते हबकले.

काडी ज्या हाताने दाबत नेतात त्या हाताप्रमाणे सांध्यावर बारीक लहरी उठतात. प्रत्येक कारागिराच्या वेगळ्या, सहीसारख्या. टाकीदादा उजव्या हाताचे, त्यांच्या लहरी उजवीकडे झुकतात. धाकटा डावखुरा. त्याच्या डावीकडे झुकल्या पाहिजेत. त्यांच्या हातातल्या वीतभर काडीवरच्या लहरी उजवीकडे झुकलेल्या होत्या.

आपण उलटी धरली असणार, त्यांना वाटलं. त्यांनी ती पुन्हा कोपऱ्यात होती तशी बसवली. उजवीकडे. चष्मा पुसून पाहिली. उजवीकडे. मग शेजारचा सांधा पाहिला, तळाचा उरलेला सगळा. लहरी डावीकडे झुकलेल्या, एकसारख्या, दोन्ही बाजूंची शीट नीट खरवडलेली. त्यात नख घालायला गेले तर नखच मोडलं. एकोणीस वर्षांत तो सांधा केसभर हलला नव्हता.

आणि मग, इतकी वर्षं कुठे दडी मारून बसलं होतं कोण जाणे, सगळं एकदम आठवलं. चर्र असा आवाज. कातडी जळल्याचा वास. हीट गनचं तोंड धाकट्याच्या डाव्या तळव्याला लागलं होतं. टाकीदादांनीच ओलं फडकं गुंडाळलं होतं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "तू बस," ते म्हणाले होते, "एवढा कोपरा मी भरतो." वीतभर तर उरला होता. वीतभरासाठी कोण खरवडत बसतो?

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "पाणी देऊ का?"

टाकीदादांनी काडी टेबलावर ठेवली. म्हणाले, "हा सांधा माझा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी भरलेला. माझ्या हाताने. त्याचा नाही. त्याचे हे बाकीचे, जे अजून शाबूत आहेत ते."

बाई त्या काडीकडे बघतच राहिल्या. मग पर्स उचलत म्हणाल्या, "आईला जाऊन सहा वर्षं झाली. डायलिसिसच्या खुर्चीत बसून ती तुमच्या भावाला शिव्या द्यायची. नेमाने."

दारात त्या थांबल्या. "आधी त्यांच्याकडे जा. माझ्या टाकीचं काय करायचं ते मी नंतर सांगते."

टाकीदादांनी तो कोपरा कापून घेतला आणि काडीसकट वर्तमानपत्रात गुंडाळला. बस येईपर्यंत थांबवेना, म्हणून चालतच निघाले. रस्ताभर एकच विचार, मी विसरलो कसा? खोटं बोललो असतो तर निदान मनात कुठे बोचलं असतं. मी तर खरंच समजून बोललो.

धाकटा टपरीत किल्ली घासत होता. केस पांढरे झालेले. त्याने वर पाहिलं, मशीन बंद केलं, पुडकं घेतलं आणि उघडलं. सांध्यावरून अंगठा फिरवला. त्याच्या तळव्यावर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता.

"निघाली का टाकी शेवटी?" तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"माझाच हात भाजला होता, दादा. मला माहीत नसणार?"

"मग बोलला का नाहीस? ओरडून का सांगितलं नाहीस सगळ्यांना?"

"धक्क्यावर म्हटलं, आठव. घरी येऊन म्हटलं. पट्टी दाखवून म्हटलं. तू म्हणालास, आता पट्टीआड लपू नकोस." त्याने पुडकं पुन्हा नीट बांधलं. "त्यानंतर नाही म्हटलं."

टाकीदादांना ते पट्टीचं बोलणंही आठवत नव्हतं. त्यांनी टपरीची फळी धरली. "माझं चुकलं रे," ते म्हणाले, आणि हमसून रडायला लागले. किल्ली करायला आलेला माणूस संकोचून दोन पावलं मागे सरकला.

धाकट्याने त्यांना स्टुलावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. रडणं ओसरल्यावर पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मला सांगून काय उपयोग, दादा? मला आधीपासून माहीत आहे. ज्यांना तेव्हा सांगितलंस, त्यांना सांग."

टाकीदादा तिथून तडक धक्क्यावर गेले. चहाची वेळ होती, माणसं जमलेली. त्याच जागी उभं राहून, हातात तो कोपरा धरून, ते घसा फाटेपर्यंत ओरडले, "तो सांधा माझा होता! माझ्या भावाचा नव्हता!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. टाकीदादा एकेक चेहरा बघत गेले, आणि आता मात्र ते मुळापासून हादरले. त्या दिवशीचा एकही माणूस तिथे नव्हता. कुणी गेलं होतं, कुणी लेकाकडे राहायला गेलं होतं. ज्यांच्यासमोर भावाचं नाव घालवलं, त्यांतला एकही आता खरं ऐकायला उरला नव्हता.

"कुठला सांधा, टाकीदादा?" बोटी रंगवणाऱ्याने काळजीने विचारलं. "भाऊ म्हणजे कोण? ते गळक्या चावीवाले?"

"तू ओळखतोस त्याला?"

"सगळेच ओळखतात की. पण त्यांना गळक्या का म्हणतात हो? मला वाटलं, आडनावच असेल."

टाकीदादा खालीच बसले.

"माझ्यामुळे म्हणतात," ते म्हणाले. "आजपासून म्हणू नका."

"बरं. मग काय म्हणू? नाव काय त्यांचं?"

टाकीदादांनी तोंड उघडलं आणि थबकले. घरात, कारखान्यात, बायकोशी बोलतानासुद्धा एकोणीस वर्षं तेही त्याला गळक्याच म्हणत आले होते. मग त्यांनी भावाचं नाव सांगितलं. रंगाऱ्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.