किल्ल्यापेक्षा उंच माळवा

युरोपातली दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो उन्हाळा. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या, पण ट्रेनिंग न झालेल्या मास्तरांसाठी संस्थानच्या शिक्षणखात्याने लश्कर या राजधानीच्या शहरात सुट्टीचा वर्ग काढला. मी मुरारच्या शाळेत नुकता लागलो होतो, त्यामुळे मलाही बोलावणं आलं. पुढे शाळा सुटली आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत दिवस गेले. तिथली एक सवय उरली आहे: पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं. त्या वर्गात पाहिलं ते असं.

वर्ग एका शाळेच्या लांबट खोलीत भरे. दारांना वाळ्याचे पडदे होते आणि त्यांच्यावर पाणी मारलं जाई. तरी दुपारच्या गरम वाऱ्याची लू आत यायची ती यायचीच. संस्थानच्या सगळ्या कोपऱ्यांतून मास्तर आले होते. भिंडचे होते, मंदसोरचे होते, उज्जैनचे होते. आम्ही लश्कर-मुरारची मराठी मंडळी खिडक्यांजवळच्या जागा धरून बसलो होतो. शिकवणं हिंदीत चाले, कुजबुज मराठीत.

खात्याचा हुकूम सरळ होता. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने इन्स्पेक्टरसाहेबांपुढे मुलांना एक पाठ शिकवायचा. पाठ पास झाला तर मास्तर आहे त्या शाळेत कायम. नापास झाला तर बदली, दूरच्या परगण्यातल्या छोट्या शाळेत.

बहुतेकांना त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मास्तरांना मात्र रात्रीची झोप नव्हती. ते लश्करातच पाचवीला शिकवत. वयाने आमच्यात सगळ्यांत मोठे, म्हणून आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले होते. "आजोबांच्या हातात भाला, वडिलांच्या हातात काठी, माझ्या हातात खडू," असं ते म्हणत, "पुढच्या पिढीला बहुतेक टाचणी मिळेल." पुढच्या पिढीत एकच मुलगी होती. ती कन्याशाळेत होती आणि मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. काका नापास झाले तर त्यांना श्योपूरकडे पाठवणार, असं खात्याच्या कारकुनाने आधीच सांगून टाकलं होतं. तिकडे मुलींसाठी एवढ्या वरची शाळा नव्हती. मुलीला लश्करात कुणाकडे ठेवावं, तर तसं घरचं कुणी नव्हतं. बापाची बदली झाली की मुलीची शाळा संपली, असा हिशेब होता.

काकांची शिकवण्याची रीत सबंध सराफ्याला माहीत होती, कारण तिचा आवाज तिथपर्यंत येई. ते विचारत, "पठार म्हणजे काय?" वर्ग गाई, "उंचावरच्या सपाट जमिनीला पठार म्हणतात." ते विचारत, "माळवा काय आहे?" वर्ग गाई, "माळवा हे पठार आहे." तालावर, टाळ्यांसह. दागिने घडवणारे सुद्धा हातोडीने ठेका धरत, असं काका अभिमानाने सांगत.

आमच्या वर्गाचे प्रमुख बाहेरून शिकून आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांचं एकच सांगणं होतं: जे दाखवता येतं ते सांगू नका. गाणं-बिणं त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं. प्रत्येकाने आपल्या भागातल्या वस्तू काडेपेट्यांत भरून आणाव्यात आणि त्यातून साधनांची पेटी तयार करावी, असं त्यांनी ठरवलं. मग भिंडची मोहरी आली. चंदेरीच्या काठाची चिंधी आली. शिवपुरीचा दगड आला. उज्जैनच्या मास्तरांनी काळी माती आणली आणि सोबत अफूचं वाळलेलं बोंड.

"वा," काका म्हणाले, "म्हणजे आता वर्ग झोपला तर दोष मास्तरचा नाही."

उज्जैनचे मास्तर हसरे होते. त्यांना मराठी समजे, बोलत मात्र हिंदी. "और आप क्या लाए हैं, मास्टरसाहब?"

"आमच्याकडे किल्ला आहे," काका म्हणाले. "तो काडेपेटीत मावत नाही."

प्रमुखांनी हे ऐकलं. "मग मावेल असं काहीतरी करा," ते म्हणाले. "उठावाचा नकाशा करा. सगळ्या संस्थानचा. डोंगर उंच, नद्या खोल. तोच तुमचा पाठ."

काका घरी गेले आणि कामाला लागले. त्यांच्या घरात रद्दी भिजवून, मेथीचं पीठ आणि मुलतानी माती घालून टोपल्या करायची रीत होती. तोच लगदा एका जुन्या दरवाज्याच्या फळीवर थापायचं ठरलं. काकू लगदा मळत, मुलगी पुस्तकातल्या नकाशावरून सीमा काढून देई. मी एकदोनदा संध्याकाळी डोकावलो.

"अहो, हे काय राज्य आहे," काकू म्हणाल्या. "एक तुकडा इथं, एक तिकडे. मधे मधे दुसऱ्यांची संस्थानं. फाटलेली पोळी तव्यावर टाकल्यासारखं दिसतंय."

"हळू बोल," काका म्हणाले. "पोळीच्या मालकाचंच मीठ खातो आपण."

नकाशाचं काम मुळात किल्ल्यापासून सुरू झालं होतं. लश्करात राहणाऱ्या माणसाला दुसरं सुचणारच नाही. सकाळी दार उघडलं की किल्ला, फूलबागेत फिरायला गेलं की किल्ला, मुरारहून टांग्याने येताना समोर किल्ला. काकांनी तो मन लावून केला. तट, दरवाजे, चढणीचा रस्ता, राजवाड्याच्या निळ्या फरशांना निळीचे ठिपके. तो नीट उठून दिसावा म्हणून त्याच्याखालची सगळी उत्तरेकडची जमीनच त्यांनी वर घेतली. उरलेला लगदा दक्षिणेला पसरला. माळवा थाळीसारखा सपाट आणि फळीला चिकटून बसला. नद्यांच्या रेघा मुलीने काडीने कोरल्या. वरून वार्निश.

एके दिवशी उज्जैनचे मास्तर माझ्याबरोबर आले. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्टरसाहब, हमारा मालवा बहुत नीचे बैठ गया है."

"तुमच्याकडे डोंगर नाही, मग कुठं बसवू? झाडावर?"

"हम ऊपर हैं, भाई. पठार पर हैं."

"उज्जैनला किल्ला नाही ना," काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणून यांना पठाराचा अभिमान. आमच्या किल्ल्यावरून खाली पाहिलं की टोपी पडते. ह्यांच्या शेतातून खाली पाहिलं तर काय पडेल?"

सगळे हसले. उज्जैनचे मास्तरही हसले आणि चहाचा कप पुढे केला. आम्ही लश्करची सगळी मंडळी काकांच्याच बाजूने होतो. डोळ्यांना दिसणाऱ्या किल्ल्यापेक्षा कुणाचं तरी सपाट शेत उंच असेल, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती.

पाठाच्या दिवशी सुट्टीतली मुलं लिंबाच्या सरबताच्या बोलीवर बोलावली होती. मराठी वर्ग होता. मागे आम्ही ट्रेनिंगवाले, बाजूला प्रमुख आणि खुर्चीवर इन्स्पेक्टरसाहेब. साहेब मूळचे पुण्याकडचे, बोलणं मोजकं, पायात नवे बूट.

फळी जमिनीवर ठेवून काकांनी वरची चादर काढली. मुलांनी "आहा!" केलं. साहेबांनीही मान हलवली. काकांना धीर आला. त्यांनी सीमा दाखवल्या, रेल्वे दाखवली, काडेपेट्या जागच्या जागी मांडल्या. मोहरी भिंडवर, बोंड मंदसोरवर. सगळं उत्तम चाललं होतं.

"आता चंबळ," ते म्हणाले. "ती माळव्याकडून निघते आणि आपल्या बाजूला येते. बघा हं." त्यांनी निळीचं पाणी भरलेला लोटा उचलला आणि नदीच्या उगमावर धार धरली.

पाणी जागचं हललं नाही. उगमावर निळं तळं झालं. ते वाढलं, उज्जैन बुडालं, मंदसोरची काडेपेटी तरंगायला लागली. काकांना वाटलं धार कमी पडते, म्हणून आणखी ओतलं. तळं फळीच्या काठावरून सांडलं आणि साहेबांच्या बुटांवर गेलं.

काका घाबरले. त्यांनी नदीच्या दुसऱ्या टोकाशी, किल्ल्याच्या बाजूला, पाणी सोडून पाहिलं. ते मात्र छान वाहिलं. भराभर उताराला लागलं आणि कोरलेल्या रेघेतून सरळ माळव्यात जाऊन पोचलं.

"गुरुजी!" पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "चंबल तो उल्टी चल गई!"

वर्गात हशा पिकला. मुलं हसत होती, मागची मंडळी हसू दाबत होती. प्रमुख खाली बघत होते. साहेब बूट बघत होते. काका लोटा हातात घेऊन उभे. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. व्हरांड्यात त्यांची मुलगी उभी होती. ती नकाशा आणायला मदत करायला आली होती आणि तशीच थांबली होती. ती हसत नव्हती.

काकांनी लोटा खाली ठेवला. खोलीत शांतता व्हायची त्यांनी वाट पाहिली. मग मुलांना विचारलं, "नदी चुकली का?"

मुलांनी पुढे सरकून रेघ पाहिली.

"सांगा की. चंबळ कुठून निघते?"

"माळव्यातून."

"आणि कुठं येते?"

"आपल्याकडे."

"पाणी चढ चढतं का रे?"

"नाही!" हे सगळ्यांनी मिळून.

"मग चुकलं कोण?"

तोच पुढच्या रांगेतला मुलगा, जरा हळू, "गुरुजी, आप चुकलात."

"शाबास," काका म्हणाले. "पण पुरावा पाहिजे. उन्हाळ्यात दरबार कुठं जातो?"

"शिवपुरीला!"

"का?"

"तिकडे थंड असतं."

"थंड का असतं? बर्फ आहे?"

"घाट चढून जावं लागतं. बाबांच्या मोटारीला तिथं पाणी पाजावं लागतं," एक मुलगी म्हणाली.

"शिवपुरी माळव्याच्या वाटेवर की आग्र्याच्या?"

"माळव्याच्या!"

"म्हणजे माळव्याकडे निघालेला माणूस काय करतो?"

"चढतो!"

"उंचावरच्या सपाट जमिनीला काय म्हणतात?"

"पठार!" आता सवयीने टाळ्या वाजल्या. प्रमुखांनी त्या चालू दिल्या.

"आणि माळवा काय आहे?"

या वेळी मुलांनी गायलं नाही. ती नकाशाकडे बघत होती. मग एकाने म्हटलं, "अरे, म्हणजे तो वर आहे!"

काकांनी बाही वर केली. "उचला," ते म्हणाले. मुलांनी फळीचं माळव्याचं टोक उचललं. खाली द्यायला काही दिसेना, तेव्हा काकांनी कपाटातली पाचवीच्या भूगोलाची पुस्तकं मागवली आणि त्यांचा चांगला जाड थर माळव्याखाली सरकवला. त्यांनी पुन्हा उगमावर धार धरली. निळं पाणी जरा घुटमळलं, मग रेघेला लागलं आणि वळणं घेत उत्तरेकडे आलं. मुलं गुडघ्यांवर येऊन बघत होती. इकडे फळी कलल्यामुळे ओला किल्ला मुळापासून सुटला आणि राजवाड्यासकट तोंडावर पडला.

"किल्ला गिर गया!"

"गिरने दो," काका म्हणाले. "आता सांगा, किल्ल्याचा माथा उंच की उज्जैनचं शेत?"

"किल्ला!" मुलं एका आवाजात म्हणाली. लश्करचीच मुलं ती.

"मग घरी जाऊन बाबांशी भांडा. उद्या शेत म्हणाल." ते मागे वळले. उज्जैनचे मास्तर शेवटच्या बाकावर होते. काकांनी सगळ्यांसमोर त्यांना नमस्कार केला. "ह्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण माझ्या घराच्या दारातून किल्ला दिसतो."

साहेब उठले. ओले बूट त्यांनी दाराशी झटकले. "नकाशा नापास," ते म्हणाले. काकांचा हात फळीवर गेला. "मास्तर पास. पुढच्या वर्षी हा पाठ इथं सगळ्यांना घेऊन दाखवा. चुकीसकट." आणि व्हरांड्यातून जाताना मुलीला म्हणाले, "नद्या कुणी कोरल्या? तू? त्या बरोबर आहेत."

सरबत त्या दिवशी मोठ्या माणसांनीच जास्त प्यायलं.

वर्ग संपला तेव्हा उज्जैनच्या मास्तरांना पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "मास्टरसाहब, कभी ऊपर आइए."

"येतो," काका म्हणाले. "टोपी बांधून येतो."

पावसाळ्यात शाळा उघडल्या. काकांनी नकाशा पुन्हा केला. माळवा वर आला, शिवपुरीला घाट मिळाला. किल्ला मात्र हरभऱ्याच्या दाण्याएवढा झाला आणि त्याबद्दल पालकांच्या तक्रारी आल्या. एका सराफाने तर शाळेत येऊन सांगितलं, की मास्तर, लगदा कमी पडला असेल तर मी पाठवतो. काकांनी त्याला बसवलं, लोटा हातात दिला आणि म्हणाले, "घ्या, तुम्हीच ओता."

त्या दिवशी कन्याशाळा लवकर सुटली होती. मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती, बापाला घरी न्यायला. आत सराफ धार धरून बसला होता आणि पाणी माळव्याकडून किल्ल्याकडे चाललं होतं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आता आवरा. अजून मंदसोरपासून किल्ल्यापर्यंतचं पाणी पुसायचंय."