बोटीवरून उतरलेला माणूस

आमच्या वेस्ट विंडसरमध्ये मला लोक 'बोटवाली मावशी' म्हणतात, आणि मला त्याचा अजिबात राग येत नाही. औषधांच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर मला हा नाद लागला. जुन्या बोटींच्या प्रवासी याद्या कॉम्प्युटरवर चाळायच्या आणि कोणाचे पूर्वज कुठल्या बोटीनं इथं अमेरिकेत आले ते शोधून काढायचं. शेजारच्या इटालियन म्हातारबुवांचे आजोबा मी एका दुपारी शोधून दिले, तेव्हापासून गोऱ्यांची माझ्याकडे ये-जा असते. आपली माणसं मात्र हसतात. "मावशी, आपण सगळे फ्लाइटनं आलो, यार!" म्हणतात. हसू देत. माझं काम मला चोख येतं.

त्यामुळे देवळात काकूंनी मला बाजूला घेतलं तेव्हा मी पुरतं ऐकायच्या आधीच हो म्हटलं. काकू कोकणातल्या, नव्वदीला आलेल्या, इथं मुलाकडे राहतात. त्या रांगत होत्या तेव्हा त्यांचे वडील अमेरिकेला जातो म्हणून बोटीत चढले. पुढे पत्र नाही की निरोप नाही. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला आणि काकूंच्या आईचं कुंकू पुसलं.

"आई म्हणायची, ते जिवंत आहेत. कोण ऐकतंय?" काकू म्हणाल्या. "वटपौर्णिमेला ती चोरून उपास करायची, पोट बिघडलंय सांगून. आणि मीच जाऊन थोरल्या काकांना सांगितलं. विधवा बाईनं असं करायचं म्हणजे मला लाज वाटायची गं. काका तिला नाही नाही ते बोलले. 'तुझं डोकं फिरलंय' म्हणाले. मीही तेच धरून चालले. आता जायच्या आधी मला एवढंच कळू दे, पुतळा जाळला तेव्हा बाबा होते की नव्हते?"

"इथं उतरले असतील तर सापडतीलच," मी म्हटलं.

काकूंना साल धड माहीत नव्हतं. पण आई सांगायची ते पाठ होतं: नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला आणि त्याच आठवड्यात बाबा मुंबईला गेले. काकूंच्या जन्मानंतरची ती पहिलीच नारळी पौर्णिमा. मला एवढं पुरे होतं. जुन्या पंचांगावरून तारीख काढली, समुद्रावरचे दिवस धरले आणि त्या हंगामातल्या सगळ्या बोटींचे प्रवासी चाळले. बाबा नाहीत. पुढच्या वर्षीचे चाळले. तिथंही नाहीत. माझी चिडचिड इतकी वाढली की घरात कोणी मला विचारायला धजेना.

मग एकदा चहा घेताना काकू सहज बोलून गेल्या, की बाबा शिकायला गेले असं घरचे चारचौघांत सांगत, पण ते चौथीपुढे शाळेत गेलेच नव्हते. मी कपाळावर हात मारून घेतला. अमेरिकेला गेला म्हणजे शिकायलाच गेला, हे आम्ही शिकून आलेली माणसं किती खुशाल गृहीत धरतो! मी प्रवाशांमध्ये शोधत बसले होते आणि तो माणूस बोटीच्या तळाशी कोळसा ओढत होता.

खलाशांची यादी वेगळी असते. तीत नाव, वय, उंची आणि अंगावरची खूण लिहितात. घरी येऊन मी ती उघडली आणि जेवणाच्या आधी बाबा सापडले. डाव्या भुवईवर व्रण. लहानपणी माडावरून पडल्याची ती खूण आईनं काकूंना अनेकदा सांगितलेली. पुढे शेरा होता: न्यूयॉर्कला उतरला, बोट सुटताना परत आला नाही. तो व्रण धरून मी पुढच्या वर्षांत शिरले. एका अमेरिकन मालबोटीवर तेच नाव, तोच व्रण, वाढलेलं वय. साल पाहिलं. पुतळा जाळल्यानंतरचं होतं. त्यापुढे मात्र त्या माणसाचा माग लागला नाही.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. माझं डोकं भणाणून गेलं. धडधाकट माणूस, जगभर हिंडतोय, आणि बायकोला एक ओळ खरडायला याला वेळ नाही!

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या घरी लॅपटॉप उघडून सगळं नीट सांगितलं, काही लपवलं नाही. कॉलेजातून सुट्टीला आलेली त्यांची नात शेजारी बसून ऐकत होती. "सो ही जस्ट लेफ्ट देम, आजी? दॅट्स हॉरिबल!" ती म्हणाली. मी जोरात मान डोलावली.

काकूंनी पडद्यावरच्या त्या सालावर बोट ठेवलं. मग नातीला म्हणाल्या, "देवापाशी माझ्या आईचा फोटो आहे, तो आण. आणि कुंकवाचा करंडा."

फोटोतल्या बाईचं कपाळ मोकळं होतं. काकूंनी बोटावर कुंकू घेतलं तसं मला राहवलं नाही. "काकू, असल्या माणसाच्या नावानं?"

"त्यांचं मला काही सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "ते वाईटच वागले. पण आई खरं बोलत होती, आणि मी तिला वेडी ठरवलं."

 

काकूंनी फोटोवर बोट टेकवलं. कुंकू काचेवर कपाळाच्या जरा बाजूला लागलं आणि खाली भुरभुरलं. "वेट आजी, आय विल फिक्स इट," म्हणत नातीनं टिश्यू पुढे केला.

काकूंनी तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या.