दोन कोंबड्या भरल्या की पोर आपलं

या जगातला सगळ्यात खरा वजनकाटा मी पाहिला आहे. त्याला दोन पाय होते, कानावर अर्धी विझवलेली बिडी होती आणि तो खोडाळ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर राहायचा. सगळ्यात खोटा काटाही मी पाहिला आहे. तो मात्र मी स्वतःच्या हातांनी खोटा केला होता. हा गुन्हा आधीच कबूल करून टाकते. नर्सिंगचं शिक्षण चालू असताना, वय एकोणीस, वजन ब्याऐंशी किलो आणि अक्कल अदमासे छटाकभर अशा अवस्थेत, मी दवाखान्यातल्या उभ्या काट्यामागची छोटी चकती फिरवली आणि सुई पाच किलो मागे आणून ठेवली. माझ्या आयुष्यातला हा पहिला आणि शेवटचा यंत्रदुरुस्तीचा प्रयोग.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी नात. तीही नर्सिंगला आहे आणि देवाने तिला माझ्याच साच्यातून काढली आहे. परवा फोनवर रडत होती, "आजी, मुली मला हसतात गं." मी म्हटलं, हसू देत, तुझ्या आजीला तर अख्खा मोखाडा तालुका हसला होता. मग ती हसली, आणि मला मात्र तो पाडा दिसायला लागला. तो मला नेहमी धुक्यातच दिसतो. खरं तर उन्हात तिथे डोकं तापून जायचं, पण आठवणीत मात्र नागलीची कापलेली खाचरं, कारवीच्या कुडांची घरं, अंगणातल्या कोंबड्या, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं असतं, आणि त्या दुधातून ती बिडीवाली म्हातारी हात पुढे करून चालत येते, मला उचलायला.

तिला आम्ही सुईणआजी म्हणायचो. पंचक्रोशीतली अर्धी माणसं तिच्याच हातात जगात उतरलेली. त्यामुळे तिला एक सवय लागली होती: समोर येईल ते उचलून बघायचं. खोडाळ्याच्या बाजारात ती सुकटीची पुडी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मूठभर कमी आहा." दुकानदार चिडून पुन्हा तोलायचा, मग गुपचूप मूठभर सुकट वर टाकायचा. पुढे पुढे तर दुकानदारच दुसऱ्या दुकानदाराशी भांडण झालं की तिला बोलावून घ्यायचे. माणसांनाही तिच्यापासून सुटका नव्हती. ती मागून यायची, काखेत हात घालायची, छातीवर बोटं गुंफायची आणि हुप्प करून माणूस वीतभर वर. नवीन आलेल्या डॉक्टरसाहेबांना तिने पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या ओसरीत असं उचललं. साहेबांचा चष्मा खाली पडला. तिने त्यांना हळूच जमिनीवर ठेवलं आणि आम्हाला म्हणाली, "साहेब पोकळ आहा. याला कोण रांधून घालतं का नाय?" त्या दिवसापासून दर मंगळवारी साहेबांच्या टेबलावर नागलीची भाकर फडक्यात गुंडाळून यायला लागली. साहेब आधी लाजले, मग वाट बघू लागले.

किलो तिला मान्य नव्हता. तिचं माप होतं कोंबडी. "माझी कोंबडी," ती बजावायची, "कुणाचीबी नाय." नुकतं जन्मलेलं बाळ ती दोन्ही तळव्यांवर घ्यायची, छपराकडे बघायची आणि निकाल द्यायची: दीड कोंबडी, पावणेदोन कोंबडी. "दोन कोंबड्या भरल्या की पोर आपलं," ती म्हणायची. "त्याच्या खाली असला तर अजून देवाचंच. मागायला लागतं." आम्ही शिकाऊ मुली सुरुवातीला तोंडात पदर घालून हसलो. मग एकदा सिस्टरबाईंनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी, तिची कोंबडी खरंच तोलली. सव्वा किलो भरली. दोन कोंबड्या म्हणजे अडीच किलो, आणि अडीच किलोच्या खालचं बाळ जपायचं, हे तर आमच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

या बाईला आयुष्यात न उचलता आलेली एकच वस्तू होती. मी.

माझं काय सांगू! जव्हारच्या शाळामास्तरांची मी एकुलती एक लेक. आईने मला तूपभाताच्या गोळ्यांवर वाढवली, आणि गोळे लहान नव्हते. युनिफॉर्मचा ब्लाउज शिवायला बाजारातल्या शिंपीचाचांकडे गेले, तर त्यांनी माप घेताना टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बेटी, ये टेप धुण्यात आटली. तू टेन्शन नको घेऊ." एवढा सभ्य माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शिक्षणात स्ट्रेचर उचलायचा सराव असला की रुग्ण म्हणून कायम मीच. सिस्टरबाईंचं म्हणणं होतं, हिला उचललं की मग कुणालाही उचलाल. आणि सगळ्यात वाईट दिवस समतोल आहाराचा. मी तक्ता धरून उभी, समोर काटक्यांसारख्या हातांच्या बाया. मी पाठ केलेलं म्हणून दाखवतेय: डाळ, पालेभाजी, दूध, अंडी, गूळ. मागून एकीने अगदी सरळ मनाने विचारलं, "बाय, हा सगळा तू एकलीच खातेस का?" हशा पिकला. मीही हसले. पण तो तक्ता गुंडाळताना माझे हात जड झाले होते.

सिस्टरबाई वाईट नव्हत्या. पण पाड्यांवर चालत जावं लागायचं, आणि मी पहिल्याच चढावर बसकण मारायची. वाटेत मोहाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता, त्यावर मी इतक्या वेळा बसले की पोरं त्याला 'जाडीबायचा धोंडा' म्हणू लागली. शेवटी सिस्टरबाईंनी बजावलं, "पुढच्या तपासणीला पाच किलो कमी दिसले नाहीत तर मी तुझ्या वडिलांना पत्र लिहिणार. तुला हे काम झेपायचं नाही." पत्र गेलं की पुढचं मला ठाऊक होतं. वाड्याला एक स्थळ तयारच होतं; मुलाचा किराणा होता, मुलगा स्वतःही पोत्यासारखाच होता. मला ते नको होतं. मला ती पांढरी साडी हवी होती, ती हातातली पेटी हवी होती. मी आठ दिवस एक वेळ जेवले. सुई हलली नाही. मग मी सुईला हलवलं.

तो मंगळवार होता. सकाळी आधी आम्हा मुलींची तपासणी, मग गरोदर बायांची. ओसरीत सुईणआजी आपल्या नातसुनेला घेऊन आली होती. पोरगी आठव्या महिन्यात, पहिलटकरीण, नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला. मला बघताच आजीने नेहमीप्रमाणे मागून मिठी घातली, जोर लावला, कण्हली आणि सोडून दिलं. "नाय उचलत. होतीस तशीच आहा." मी आत गेले, काट्यावर चढले. सत्त्याहत्तर! सिस्टरबाईंचा चेहरा फुलला. "शाबास! याला म्हणतात जिद्द." मुलींनी टाळ्या वाजवल्या. ठरवलं होतं की सगळ्यांची पाठ वळली की चकती परत फिरवायची. पण कौतुक मोठं नशिलं असतं. सिस्टरबाईंनी मला बक्षीस म्हणून तासाभराची सुट्टी दिली, आणि पाच किलो कमी झाल्याच्या आनंदात मी बाजारात जाऊन कांदाभजी खाल्ली. दोन प्लेट. चकती मला आठवलीच नाही. उन्हात बसून, वाऱ्यावर येणारा आंब्याच्या मोहोराचा वास घेत, मी स्वतःला एखाद्या पिसासारखी हलकी समजत होते.

परत आले तर ओसरी गप्प होती. चार बायांची वजनं झाली होती आणि चारही जणी महिन्याभरात घटल्या होत्या. आजीची नातसून तर साडेतीन किलोंनी. सिस्टरबाई फोनवर जव्हारहून जीप मागवत होत्या. तिथून पुढे नाशिकला न्यावं लागेल म्हणत होत्या. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, नुसती पोटावर हात ठेवून जमिनीकडे बघत होती, जणू आतलं कुणीतरी तिला न सांगता निघून गेलंय.

तेव्हा मला जे कळलं ते मी आजही विसरलेली नाही. दुसरीकडे कुठेही एका सकाळी चार बाया घटल्या असत्या, तर माणसाने पहिली लाथ काट्याला घातली असती. इथे कुणीच काट्यावर संशय घेतला नाही. होळीच्या आधीचे दिवस, कणग्यांचा तळ दिसायला लागलेला; सिस्टरबाईंना, डॉक्टरांना, खुद्द त्या बायांनाही ते खरंच वाटलं. घटणं इथे इतकं ओळखीचं होतं.

संशय घेतला तो एकटीनेच. आजीने पोरीला उभं केलं, काखेत हात घातला, अलगद उचललं. पुन्हा उचललं. "पोर भरलं आहा," ती म्हणाली. "मागच्या वेळेपेक्षा जड आहा. तुमचा काटा खोटा बोलतो."

"आजी," सिस्टरबाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्या घरी ठेवा. काटा सरकारी आहे."

"सरकारी असंल. त्याला डोळा आहा, हात नाय." आणि मग ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. सकाळी तिने मला उचलून पाहिलं होतं. आत वाजलेल्या टाळ्याही तिने ऐकल्या होत्या. तिला सगळं कळलं होतं. एक शब्द बोलली असती तर संपलं होतं. पण ती बोलली नाही. कानावरची बिडी काढली, बघितली, परत कानावर ठेवली. वाट बघत राहिली, बाळाची बघावी तशी, घाई न करता.

"सिस्टरबाई," मी म्हटलं. माझ्या तोंडाला अजून भज्यांचा वास होता. "चकती मी फिरवली. पत्राच्या भीतीने."

सिस्टरबाई आत गेल्या, सुई शून्यावर आणली. चारही जणींना पुन्हा चढवलं. चौघींची वजनं वाढलेली; नातसून दीड किलोने. ती पोरगी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, इतका वेळ थोपवलेलं सगळं. जीप नको म्हणून निरोप गेला. मग सिस्टरबाईंनी मला काट्यावर चढवलं. ब्याऐंशी. "भजी धरून," मी पुटपुटले. त्या हसल्या नाहीत.

"पत्र लिहायला हवं," त्या म्हणाल्या. "पण आधी हे कर. या पोरीचं बाळंतपण होईपर्यंत रोज पाड्यावर जायचं. चालत. बाळं तोलायचा झोळीचा काटा खांद्यावर. एक दिवस चुकला, की पत्र पेटीत."

गेले. पहिले चार दिवस धोंड्यावर बसून रडले, मग नुसती बसायला लागले, मग कधीतरी न बसता पुढे गेल्याचं वर पोचल्यावर लक्षात आलं. पाड्यावर मी झोळी टांगून पोरं तोलायची आणि शेजारी आजी त्यांना हातावर तोलायची. आमची पैज लागायची. बहुतेक वेळा काटाच तिच्याशी सहमत व्हायचा. घराघरातून मला भाकर मिळायची. त्यांच्या घरात मोजकीच असायची, पण नाही म्हटलं तर बाया रागवायच्या. महिनाभर डोंगर चढून माझं वजन अर्धा किलो वाढलं. खऱ्या काट्यावर. सिस्टरबाईंनी ते लिहून घेतलं आणि वहीवरून डोळे न उचलता म्हणाल्या, "चढावर धापा टाकतेस अजून?" मी म्हटलं, "टाकते. पण पोचते." पत्र कधीच गेलं नाही.

मोहाची फुलं टपटपायला लागली त्या दिवसांत, एका दुपारी, नातसुनेला मुलगी झाली. दवाखान्यात, माझ्या आणि सिस्टरबाईंच्या हातांवर. आजीने तिला तळव्यांवर घेतलं, छपराकडे बघितलं. किती वेळ बघत होती कोण जाणे. "दोन कोंबड्या," ती म्हणाली, "आणि वर दोन अंडी." मी झोळी टांगली. दोन किलो सहाशे. आजीने झोळीकडे बघून मान डोलावली, लहानग्याने पाढा बरोबर म्हटल्यावर डोलवावी तशी.

पुढे माझी नेमणूक दुसरीकडे झाली. नोकरीत तीस-पस्तीस वर्षं गेली, कितीतरी बाळं तोलली, काटे बदलले, आता तर आकडे आपोआप उजळतात. आजीला जाऊन खूप वर्षं झाली. धोंडा अजून आहे म्हणे. पण मला आठवते ती निघायच्या दिवशीची सकाळ. एसटी धुक्यात घरघरत उभी होती. आजी पाड्यावरून उतरून आली होती. मागून आली, काखेत हात घातले, बोटं गुंफली. धुराचा आणि मोहाच्या तेलाचा वास आला. तिने जीव खाऊन जोर लावला. माझे पाय जमिनीवरून काही सुटले नाहीत. मी म्हटलं, "आजी, सोड गं, कंबर मोडेल तुझी." तिने सोडलं नाही. तशीच धरून उभी राहिली, गाल माझ्या पाठीला टेकून, आणि म्हणाली,

"नाय उचलत, बाय. बरा आहा. ह्या डोंगरात यक तरी माणूस जड राहू दे."