माशांचं अभ्यंगस्नान

कानडी मुलखातल्या सप्तापुरात मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो, तिथं वर मी आणि खाली माझा शत्रू अशी वाटणी होती. शत्रू म्हणजे घरमालक, निवृत्त सरकारी नोकर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही म्हणायचो, पण दात आवळून. ते मला मास्तर म्हणत, कारण कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मास्तर म्हटलं की तो जळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भांडणाचं मूळ माझी माशांची काचेची टाकी. दोन फूट लांब, लोखंडी पट्ट्यांत बसवलेली. तिच्यात केलगेरीच्या तळ्यातून उपटून आणलेल्या पाणवनस्पती, त्यांच्याबरोबर फुकट आलेल्या गोगलगायी, आणि चार एंजल मासे. माझं लग्न जमत नव्हतं आणि माणसं मला आवडत नव्हती. संध्याकाळी त्या हिरव्या पाण्यासमोर बसलं की स्वतःबद्दल जरा बरं वाटायचं. दुसऱ्या कशानंच वाटत नव्हतं.

या माशांना पाणी कोमट लागतं, पंचवीस अंशांच्या आसपास. त्या वर्षी दसरा झाला आणि लगेच थंडी पडली. प्रयोगशाळेतून 'तात्पुरता' आणलेला थर्मामीटर पहाटे अठरा दाखवू लागला. मासे बदलीचा हुकूम आलेल्या कारकुनांसारखे एका कोपऱ्यात गप्प उभे. मी शास्त्रीय उपाय केला. आंघोळीचं पाणी तापवायची कॉईल टाकीत सोडली आणि दाढीला बसलो. एक गाल होईस्तोवर कॉईलजवळच्या झाडांची पालेभाजी झाली होती, एका माशानं बाहेर उडी घेतली होती, आणि प्लग उपटायच्या घाईत मी भरली बादली लाथाडली होती. मासा सापडला, वाचला. पाणी मात्र फळ्यांच्या फटींतून खाली गेलं. खाली अण्णा पूजेला बसले होते.

"मास्तर! देवाला आंघोळ मी घातलीय की. वरनं परत तुम्ही कशाला घालताय?"

"चुकून झालं, अण्णा."

"तुमचं सगळं चुकूनच होतंय. ते डबकं उचला आधी."

"डबकं नाही ते. शास्त्र आहे."

"बरं. मग शास्त्रानं जगवून दाखवा. या थंडीत एक जरी मासा मेला, तर ती टाकी माझ्या घराबाहेर. कबूल?"

त्यांच्या पत्नी, अक्का, दारात उभ्या होत्या. बाईमाणसासमोर माघार कशी घ्यायची? एका गालाला साबण तसाच ठेवून मी कबूल म्हणालो.

त्यानंतर मात्र मी शहाण्यासारखा वागलो. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात स्टोव्हवर पाणी गरम करायचं, टाकीतला एक तांब्या थंड काढायचा, एक गरम हळूहळू ओतायचा, थर्मामीटर बघायचा, थांबायचं. दिवस मावळला की टाकीला कांबळं. मासे पोहू लागले, झाडांना नवी पानं फुटली. रोज सकाळी खालून हाक यायची, "मास्तर, मयत कधी काढायची?" मी वरून पोटभर शिव्या द्यायचो, मनातल्या मनात.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे नीर तुंबो हब्ब, म्हणजे पाणी भरायचा सण. न्हाणीघरातला तांब्याचा हंडा चिंचेनं घासायचा, भरायचा, हळदकुंकू लावून पुजायचा आणि पहाटे तेच पाणी तापवून अभ्यंग करायचं. अण्णा दुसऱ्या कुणाला हंड्याला हात लावू देत नसत. आत डोकं घालून स्वतः घासायचे. आतून माझ्या नावाच्या शिव्या घुमत असाव्यात असं मला वाटायचं.

त्या पहाटे माझ्या स्टोव्हमधलं रॉकेल संपलं. थर्मामीटर सतरावर. मी बादली घेऊन जिना उतरलो.

"आला की शरण!" अण्णा अंगाला तेल चोळत होते. "अभ्यंगाला पाणी पाहिजे?"

"माशांना."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग स्वतः उठून त्यांनी बादली काठोकाठ भरली. "घ्या. सणाचं पहिलं पाणी. घरात अजून कुणी अंगावर घेतलेलं नाही. तुमच्या पोरांना अभ्यंग होऊ दे."

मी तांब्या तांब्यानं बादली संपवली. काटेकोर पंचवीस अंश. इतकं नेमकं मला आयुष्यात दुसरं काही जमलेलं नाही.

दुपारी गोगलगायी काचेवरून एकेक करून गळून पडल्या. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. संध्याकाळपर्यंत चारही उलटे.

मी अंगणात उतरलो. शेजारीपाजारी पणत्या लावत होते. सगळ्यांसमोर ओरडलो, "अण्णा, पाण्यात काय कालवलंत?"

"हंग अनबारद्री, मास्तर," अक्का कळवळून म्हणाल्या. असं बोलू नये. अण्णा वळले. आत गेले, हंड्यातलं उरलेलं पाणी पेलाभर आणलं आणि माझ्याकडे बघत घटाघटा प्याले.

"मेलो?"

खोटं कशाला सांगू, मी मिनिटभर वाट पाहिली.

वर आलो. दिवाळीनंतरच्या तासाची वही टेबलावर उघडी होती. माझंच अक्षर: तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर शेवाळ आणि गोगलगायी मरतात, मासेही दगावतात. खाली लाल शाईची रेघ. चिंचेनं घासलेला हंडा, त्यात रात्रभर मुरलेलं पाणी, आणि मी बादलीभर ओतलं होतं. चार वर्षं हे वाक्य मी पोरांना उतरवून देत होतो.

खाली जाऊन सांगायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. पण माफी मागायची तर आधी अण्णांना सांगावं लागलं असतं की वनस्पतिशास्त्राच्या मास्तरला त्याचाच धडा येत नाही. त्यापेक्षा मासे थंडीनं मेले, हेच मी मान्य केलं. पाडव्याला टाकी उचलून घराबाहेर नेली. अण्णांनी फाटक उघडून धरलं, फार अदबीनं.

ते घर सोडेपर्यंत दर थंडीत पहाटे खालून हाक यायची, "मास्तर, बिसिनीर बेकेन्री?" गरम पाणी पाहिजे का? त्या माणसाला 'हो' म्हणायचं नाही म्हणून मी तीन हिवाळे थंड पाण्यानं आंघोळ केली. शिंका त्यांना खाली ऐकू जात असणार.