मामांचं मौन

देवाला या जगात एखाद्या माणसाची धास्ती वाटत असेल, तर ती आमच्या घरमालकांची. बाकीचे लोक देवाकडं काहीतरी मागायला जातात, हे हजेरी द्यायला जातात. रोज दिवेलागणीला देव्हाऱ्यापुढं हात जोडून उभं राहायचं आणि दिवसभरात आपल्या हातून काय काय घडलं ते देवाला सांगायचं, हा त्यांचा नेम. तेही हळू आवाजात नाही. "एवढ्या दुनियेचं ऐकून ऐकून देवाचं कान किटलं असत्यात. जरा दणकून सांगाय पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं 'सकाळी इस्त्रीवाल्याला मनात शिवी दिली, तोंडात आली न्हवती' ही गोष्ट देवाच्या आधी इस्त्रीवाल्याला कळायची. त्या वेळी आमच्या गल्लीतल्या खिडक्या आपोआप उघडायच्या आणि टीव्हीचे आवाज बारीक व्हायचे.

मी यवतमाळकडचा. आठवीत शाळा सुटली, मिळेल ते काम करत करत कोल्हापुरात फौंड्रीत साचे भरायला आलो, तेव्हा एकट्या परमुलखातल्या माणसाला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. सात दारांतून नकार घेऊन आठव्या दारात उभा राहिलो, तर हे अंगणात म्हशीला पाणी दाखवत होते. "कुठलं पावणं?" म्हणाले. यवतमाळचा म्हटलं. "चोऱ्याबिऱ्या करतोस काय?" नाही म्हटलं. "मग ये की." एवढ्यावर खोली मिळाली. समोरचा माणूस खोटं बोलत असेल हे त्यांच्या डोक्यात येतच नाही. माझ्या मात्र डोक्यात तेवढंच येतं. आपल्या हातून चुकून चोरी झाली तर काय, या भीतीनं पहिला महिनाभर मी त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरचीलासुद्धा लांबून वळसा घालून जायचो. पुढं मी त्यांना मामा म्हणायला लागलो आणि त्यांच्या बायकोला मामी. या गावात माझी स्वतःची अशी तेवढीच दोन माणसं.

मामांच्या दोन म्हशी. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, ही इथली रीत. मामांची रीत त्याच्याही पुढची. आधी रेडकाचं पोट भरलं पाहिजे. रेडकू चाळे करत पीत बसतं आणि तोवर दहा-बारा माणसं रिकामे पेले घेऊन ताटकळत उभी. कोणी घाई केली की मामा म्हणणार, "त्याच्या आईचं दूध हाय, तुमच्या न्हवं." त्यात एखाद्यानं "मामा, घट्ट हाय न्हवं?" असं विचारायची चूक केली की संपलं. "काल घट्ट हुतं. आज म्हस पाणी लई प्यालीया. पलीकडच्याचं घट्ट हाय, तिकडं जावा." असं हाकलल्यावर माणूस कशाला हलतोय. पलीकडचा बिचारा घट्ट दूध घेऊन एकटाच बसलेला असायचा.

कट्ट्यावर जाताना वाटेत सिग्नल लागतो. मामा तांबड्या दिव्याला म्हशींसकट थांबतात. रस्त्यावर कुत्रं नसलं तरी थांबतात. "दिवा सरकारनं लावला, सरकारला बुद्धी देवानं दिली," असा त्यांचा हिशेब. म्हशींनाही आता एवढी सवय झालीय की पुढं दुसरी कुठली म्हैस तांबडा तोडून गेली तर त्या तिच्याकडं तुच्छतेनं बघतात. एकदा दिवा तांबडा असताना हवालदारानं हात केला, "चला, चला." मामा जागेवरच खिळले. सायबाचं ऐकावं का दिव्याचं? तेवढ्यात दिवा हिरवा झाला, तर सायबानं हात आडवा केला. दोघांचं एकमत होईपर्यंत मामा दोन म्हशी घेऊन भर चौकात उभे राहिले. मागं पार बसस्टँडपर्यंत गाड्या तुंबल्या असं लोक सांगतात. मामी म्हणते, "ह्या माणसासंगं संसार म्हंजे रोज उठून कोर्टात साक्ष."

अशा माणसाच्या खोलीत मी राहत होतो आणि माझं लग्न जमत आलं होतं. मुलीचे वडील आमच्याच भागातले, पण सूतगिरणीच्या नोकरीसाठी येऊन पेठ वडगावात कायमचे राहिलेले. मुलगी मी एकदाच पाहिली होती. "तुमच्याकडं लई ऊन असतंय न्हवं?" एवढं एकच तिनं विचारलं होतं. पण कोल्हापुरातल्या चार वर्षांत माझ्या गावाबद्दल कोणी काही विचारायची ती पहिलीच वेळ, त्यामुळं मी मनानं तिथंच होकार देऊन बसलो होतो. अडचण एकच होती. माझ्या काकानं गावाकडून पाठवलेल्या माहितीपत्रकात शिक्षण 'दहावी पास' असं लिहिलं होतं. आणि मुलीचे वडील मेव्हण्याला घेऊन रविवारी घरमालकाकडं चौकशीला येणार होते.

मी मामांच्या पायाशी बसलो. "मामा, शिक्षणाचं विचारलं तर..."

"आठवी नापास. मला ठावं हाय."

"तेच सांगू नका."

मामांनी देव्हाऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "खोटं बोललो तर संध्याकाळी त्याला काय सांगू? आन् खरं बोललो तर तुझं काय व्हायचं?" दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी मामी वैतागून म्हणाली, "मग बोलूच नगासा. मौन धरा." मामांचा चेहरा असा उजळला, जणू हा मार्ग थेट वरूनच आला असावा.

रविवारी भर दुपारी पाहुणे आले. मामांनी हात जोडले, सतरंजीवर बसवलं आणि समोर मांडी घालून डोळे मिटले. मला वाटलं होतं, निदान मान तरी हलवतील. पण मान हलवणं म्हणजे मुक्यानं बोलणंच, असं त्यांनी आदल्या रात्री ठरवून टाकलं होतं.

"पोरगं निर्व्यसनी हाय न्हवं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

मामा गप्प.

"तंबाखू?"

गप्प.

"दारू?"

मामांनी एक मोठा श्वास सोडला. मेव्हणे हळूच म्हणाले, "दाजी, पितंय."

"न्हाई ओ, त्यांचं मौन हाय," मामी आतून पोह्यांचा झारा घेऊन बाहेर आली.

"आजच कसं काय मौन?" मेव्हणे म्हणाले. "आमच्यात मयताला गेल्यावर बी कोण एवढं गप बसत न्हाई."

"कुठं दुसरीकडं लगीनबिगीन झालंय काय ह्याचं?" मुलीच्या वडिलांनी शेवटचं विचारलं. तेव्हा मात्र मामांच्या मिटल्या डोळ्यांतून टपकन पाणी खाली आलं. दोन्ही पाहुणे एकदमच उठले. "एवढं वाईट हाय व्हय," म्हणत मेव्हणे चपला शोधायला लागले.

मी दारात उभा होतो. ज्या माणसाच्या शब्दावर सगळी गल्ली डोळे मिटून विश्वास ठेवते, तो माझ्यापायी लबाडासारखा बसला होता. मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, "आठवी. तीसुद्धा नापास. कागदावरचं दहावी खोटं आहे. त्यांना खोटं बोलवत नाही म्हणून ते गप्प आहेत. बाकी मी काही पीत नाही आणि लग्नही झालेलं नाही."

मामांनी डोळे उघडले आणि धरण फुटावं तसे बोलायला लागले. "पोरगं सोन्यागत हाय. फक्त भाजी खारट करतंय. कुलूप लावून गेलं की तीनदा परत येऊन वढून बघतंय. झोपंत आयला हाका मारतंय. माझी म्हस आजारी पडल्यावर फौंड्रीतनं आल्या आल्या तिच्यापाशी बसायचं, आन् घाबरून तिच्यापेक्षा ह्यालाच जास्त ताप आला." मी भिंतीला टेकलो. मुलीचे वडील पहिल्यांदाच हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मालक, तुमची पोरगी असती तर दिली असती काय ह्याला?"

मामा विचारात पडले. पोहे निवले. बऱ्याच वेळानं ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मला पोरगीच न्हाई. त्यामुळं सांगता येत न्हाई."

"कळवतो," म्हणून पाहुणे गेले. मामी कपाळाला हात लावून आत गेली. मामा एकदम उठून बाहेर पडले. मी पोह्यांच्या बशा उचलत होतो, त्यामुळं ते कुठं गेले ते बघितलं नाही.

आठ दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. शिक्षण कमी पडतंय, घरात सगळ्यांचं तेच मत झालं, असं ते अवघडून म्हणाले. मग म्हणाले, "तुमचं ते मालक त्या दिवशी उन्हात अनवाणी आमच्या गाडीमागनं पळत आलते. धाप लागलेली. 'असती तर दिली असती, मगाशी सुचलं न्हाई' एवढंच बोलले आन् माघारी फिरले. आमच्या पोरीनं दोनदा विचारलं, नेमकं काय म्हणलं ते म्हणून."

फोन ठेवून मी अंगणात आलो. मामा रेडकाला सोडत होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी ओळखलं.

"न्हाई म्हणलं व्हय?"

"हो."

"वाईट वाटलं काय रं?"

"नाही मामा. काही नाही वाटलं."

मामांनी माझ्याकडं निरखून बघितलं. बोलणं आणि तोंड यांचा मेळ नाही म्हणून दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी मला तिथंच अडवलं असतं. त्या दिवशी त्यांनी रेडकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं."